वळण

ताउनो दारातच म्हणाला, मशीन मेलं.
मी बूट काढले. बाहेर उणे सव्वीस,
थंडर बेच्या त्या गल्लीत बर्फ
खिडक्यांच्या कडेपर्यंत चढलेला.
मशीनं सहसा मरत नाहीत,
तुंबतात.

आधी वीज तोडली, मग पाण्याचा कॉक.
खालची पट्टी, दोन स्क्रू.
ओट्याखाली पोटावर आडवी झाले, टॉर्च दातांत.
बावीस वर्षांत दातांना त्या टॉर्चचा आकार आलाय.

तळातली जाळी फिरवून काढली.
चेरीच्या दोन बिया, शेपूचा देठ,
बरणीवरच्या लेबलाचा लगदा,
काचेची एक कपची,
आणि ते राखाडी, निसरडं काहीतरी
ज्याला कुठल्याच भाषेत नाव नाही
पण जे सगळ्या घरांत असतं.
पंप मोकळा झाला. पाणी गेलं.
माझं काम इथेच संपायला हवं होतं.

पण वास.

मी नाक वर केलं तसा ताउनो घाईने म्हणाला,
वासाचं हेल्वी म्हणायची. मला नाही येत.
अठ्ठ्याण्णव साली मी स्वतः बसवलंय हे,
लेव्हल लावून. आजवर एक थेंब गळला नाही.

खरं होतं.
चारही पाय असे समतल
की लेव्हलमधला बुडबुडा मधोमध झोपून जाईल.
पितळी एल्बोवर टेप नीट, हवी त्या दिशेने.
आणि बाहेर जाणारी नळी
जमिनीवर सरळसोट,
धान्याच्या धक्क्यावर चाळीस वर्षं काढलेल्या
माणसाने मारलेली रेघ.

म्हटलं, पाणी मुरतंय ते इथे.
नळीने आधी वर चढायचं, ओट्याच्या पोटाला टेकायचं,
मगच उतरून सिंकला मिळायचं.
नाहीतर सिंकचं खरकटं पाणी उलटं येतं
आणि धुतलेल्या भांड्यांच्या पायथ्याशी
रात्रभर बसून राहतं.
वळणाचं पाणी वळणावर जातं,
पण वळण कुणीतरी द्यावं लागतं.

तो काही बोलला नाही.
मग विचारलं, कधीपासून?
बसवल्यापासून, मी म्हटलं.
खोटं बोलता आलं असतं.

हेल्वी दारात उभी होती, केव्हाची कोण जाणे.
हीच ती, धुतलेले ग्लास पुन्हा धुणारी.
हा म्हणायचा, तुझं नाक फार शहाणं.
हे तिनेच सांगितलं, हसत,
आणि पुढचंही तिनेच:
दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं.
आता कॉफी म्हणजे गरम, कडू काहीतरी.

मी नळी उचलली, वर नेली, क्लिपने अडकवली.
क्लिप चाळीस सेंटची.
व्हिनेगरचा एक पेला वरच्या खणात,
सिंकचा नळ गरम येईपर्यंत सोडला, मग बटण.
तासभर आम्ही तिघं त्या घरघरीसमोर बसलो.
तिने वेलदोड्याचा पाव कापला.
वेलदोडे चमच्याने मोजते आता, म्हणाली,
पूर्वी वासावर टाकायची.
जरा जास्तच पडले होते. मी सांगितलं नाही.
ताउनोने दोनदा घेतला.

मशीन थांबलं. दार उघडलं, वाफ आली.
ताउनो गुडघ्यावर बसला, कष्टाने,
आणि डोकं आत घातलं.
काय? हेल्वीने विचारलं.
तो बराच वेळ हुंगत राहिला.
काही नाही, म्हणाला.
मग पुन्हा, जरा मोठ्याने,
काहीच नाही, हेल्वी.

तिने एक ग्लास काढला, उजेडाकडे धरला,
मान हलवली
आणि सवयीने सिंककडे गेली. नळ सोडला.
मी बिल लिहीत होते.
पंपाच्या सफाईचं लिहिलं, क्लिपचं राहू दिलं.
मान वर केली तेव्हा
ताउनो फडकं घेऊन तिच्या शेजारी उभा होता,
हात पुढे करून,
पुढच्या ग्लासची वाट बघत.