निरंक

सप्टेंबर. ऑलंड बेटांवरचा माझा चौथा आठवडा.
गुडघ्यांना ओल, गळ्यात भिंग,
हातात कुरणांची यादी, कुठलं अंगणाएवढं,
कुठलं नुसतं खडकाच्या बेचक्यात
मूठभर मातीला धरून राहिलेलं.

शोधायचं काय, तर भुरी.
आपल्या इसबगोलाची एक रानटी चुलतबहीण इथे उगवते,
लांबट पान, त्यावर सरळ धावणाऱ्या शिरा.
कणीक मळता मळता कुणी हात पुसून जावं
तसा तिच्यावर पांढरा डाग.
दिसला तर लिहायचं: आहे.
नाही दिसला तर: निरंक.

सहाशे एकोणचाळीसमध्ये गेल्या वर्षी होती.
यंदा पान न् पान उलटून पाहिलं, निरंक.
आणि सहाशे बावन्न,
जिथे मी फक्त डबा खायला टेकले होते,
तिथे दगडी बांधालगत एका रोपावर
ताजी.
पत्ता न ठेवता बिऱ्हाड हलवते ही बया.

गुन्नेवी लुंडस्ट्रम बांधावर उभी, मागे तिच्या मेंढ्या.
"माझ्या कुरणात काय मेलंय?"
"मेलं नाही. आजारी आहे थोडं."
"मग जगेल."

हिवाळ्यात कुठे जाते, विचारलं तिने.
मी भिंग दिलं. पिवळ्या पानावर काळे ठिपके,
खसखशीहून कितीतरी बारीक,
आतून कडी लावून बसलेले.
बर्फाखाली बहुतेक जण तसेच संपतात.
उरल्यासुरल्यांना एक वारा पुरतो.
भिंग तिने लवकर परत दिलं नाही.

मग मी सांगितलं ते तिला पटेना:
रस्त्याकडेची, एकमेकांना खेटून असलेली कुरणं,
त्यांच्याकडे भुरी दरसाल येते
आणि फारसं काही बिघडवू शकत नाही.
ज्या वाटेने रोग येतो त्याच वाटेने परागही,
कुणाच्या तरी पूर्वजाने सोसलेलं घेऊन.
एकटं, लांबचं कुरण वर्षानुवर्षं निरंक राहतं.
आणि पोचते, त्या वर्षी
त्याला काहीच ठाऊक नसतं.

ती समुद्राकडे बघत राहिली.
"तिकडच्या खडकावर एलॉफ असतो. माझा भाऊ.
तुझ्या यादीत आहे ते?"
होतं. शेवटून दुसरं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ती माझ्याआधी हजर.
कॉफीचा थर्मास, बुटांना कुरणाचा चिखल.
नियम आहे: नावेत चढण्याआधी तळवे स्पिरिटने पुसायचे.
मी माझे पुसले, बाटली तिच्यापुढे धरली.

"सात वर्षांत त्याला साधी सर्दी झालेली नाही,"
ती म्हणाली.
बाटली घेतली,
आणि बराच वेळ
टोपण काही उघडलं नाही.