बाराशे ग्रॅमचा किलो

बाप्तिस्मा झाला तो मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदात.
फेब्रुवारी. नदीचा दगड झालेला.
शेणाच्या शेगडीवर किटल्यांमागून किटल्या तापवून
पाळकांनी हौदात ओतल्या. पूर्वी ते ट्रकचे मेस्त्री होते,
नखांत अजून ग्रीस. नट आवळावा तसं
माझं डोकं धरलं घट्ट, आणि खाली दाबलं.

वर आले. काहीच वेगळं दिसलं नाही.
तोच नमद्याचा तंबू, तोच धूर,
आणि परतीच्या वाटेवर ओल्या वेणीची काठी झाली,
मोटरसायकलवर पाठीला ठकठक लागत राहिली
थेट घरापर्यंत.

मी पश्मिना विकत घेते. गोबीतल्या शेळ्यांची,
वसंतात कंगव्यानं उतरवलेली.
माझं नाव नोरजमा. बाजारात पाठीमागे म्हणतात, अंगठा.
तराजूवर तो नकळत टेकायचा म्हणून.
शिवाय माझं किलोचं माप
नवऱ्यानं जाण्यापूर्वी शिसं भरून दिलेलं:
बाराशे ग्रॅमचं.
सात वर्षं मापात पाप,
आणि वर प्रत्येकाला मिठाचा चहा, हसून.

उपासनेत सगळे रडले, मीही रडले.
रडणं सोपं होतं.
मंगळवारी दुकान उघडलं तेव्हा अवघड झालं.
ते माप तिथंच, टेबलावर,
झोपलेल्या मांजरासारखं.

पाळकांना विचारलं, क्षमा झाली ना माझी?
झाली.
मग हे?
हे तुला आता दिसायला लागलं, म्हणाले,
आणि कोणाच्या तरी इंजिनात पुन्हा डोकं घातलं.

वहीत छत्तीस नावं निघाली.
मोटरसायकल विकली.
मिळेल त्या ट्रकनं, कधी पायी,
एकेका तंबूच्या दाराशी गेले पैसे घेऊन.

हांदसुरेननं दोनदा मोजले.
व्याज? एवढंच म्हणाली, आणि दार लावलं.
बरोबर होतं तिचं.
मी कुत्र्यासमोर उभी राहिले बराच वेळ;
माफी मागायला आलेल्या माणसानं
ती मिळेपर्यंत उभं राहायचं असतं का, कळेना.

म्हातारा लुवसान्दाश हसत सुटला, खोकला येईपर्यंत.
अगं पोरी, मी वाळू मिसळायचो!
दर पोत्यात चार मुठी!
मग आम्ही दोन चोर समोरासमोर बसलो,
कोणी कोणाला किती द्यायचे, हिशेब जुळेना.
येशूबद्दल त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
पुढच्या वसंतात त्याचं पोतं झटकलं,
वाळू निघाली.
दोन मुठी.

दाग्वाचा पत्ता मात्र लागला नाही.
पांढऱ्या हिवाळ्यात त्याची सगळी जनावरं उभ्या उभ्या गेली,
तो शहराच्या कोळशाच्या धुरात कुठं तरी.
दर किलोमागं दोनशे ग्रॅम:
सात वर्षांचे जमवले तर
किती गवत झालं असतं, ते मी मांडलंय.
एकदाच मांडलं.
ख्रिस्तानं ते खोडलं, असं पाळक म्हणतात.
मी मानते. खरंच मानते.
पण त्या पानावर पेन चालवायला
माझा हात उचलत नाही.

आई अजून पहाटे लाकडी पळीनं
आभाळाला दूध उडवते.
पहिल्या महिन्यात बोलली नाही माझ्याशी.
मग एकदा म्हणाली, वरचा बाप आपल्याला आधीच होता,
तुला दुसरा कशाला लागला?
मला उत्तर आलं नाही. अजून नीट येत नाही.
मी रोज जेवणाआधी डोळे मिटते,
ती तेवढ्यात माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा सरकवते,
आणि आम्ही दोघीही काही बोलत नाही.

काल शेजारणीला पीठ मोजून देताना
तिनं माझं नवं माप उचललं. हातात तोललं.
हलकं लागतंय गं हे, म्हणाली.
सवय नाही म्हणून, मी म्हणाले,
आणि अंगठा
खिशातच ठेवला.