गळती नाही

राऊच्या अलीकडे, आमच्या शेडमध्ये,
पोलादी नळीच्या शिवणीवरून
मी हेलियमची बारीक फुंकर फिरवतो.
काटा हलला, की गळती.
बत्तीस वर्षं हीच नोकरी :
काटा हलू नये म्हणून श्वास धरणं.

डावा कान कॉम्प्रेसरनं नेला.
त्याचं काही नाही.

किबे मॅडम, माझ्या धाकटीच्या वयाच्या,
म्हणाल्या, "काका, ही नळी ऐकण्यासाठी आहे."
"आतली हवासुद्धा काढून घेता,
मग ऐकू काय येणार?"
"म्हणूनच," म्हणाल्या.

दोन कृष्णविवरं एकमेकींभोवती घुमत
एक झाली, तेव्हा पृथ्वीवर
पान नव्हतं, पाखरू नव्हतं,
कुणालाच कान नव्हते.
तो हिसका तेव्हाचा निघालेला.
इथवर येताना इतका झिजला
की चार किलोमीटरच्या नळीत
प्रोटॉनचे शेकडो तुकडे करावेत
आणि त्यातला एक सरकावा, एवढाच.
मोजपट्टीनं तो मोजता येत नाही.
मोजपट्टीच हलते त्यात.

हेडफोन दिला. मी उजव्या कानाला धरला.
खालून काहीतरी घुमत वर चढू लागलं,
आणि नेमकी तेव्हाच
शेजारी वाशीमकरनं खुर्ची ओढली.

एकशेतीस कोटी वर्षं चालत आलेला पाहुणा
दारात पोचला
आणि खुर्चीच्या पायाखाली गेला.

"पुन्हा लावा."
लावलं.
चिव्.
दाणा टिपून उडालेली चिमणी, बस्स.
मॅडम माझ्याकडे बघत होत्या.
मी म्हटलं, आणखी एकदा.

रात्री आग्रा रोडचे ट्रक ऐकत पडलो.
खिडकीचं तावदान, पाण्याची टाकी,
हिचं घोरणं, फ्रिजची धडधड :
सगळं घर थरथरतंय आणि
आम्ही त्याला शांतता म्हणतो.

ही नळी नर्मदेपलीकडे जायची आहे, मराठवाड्यात.
आमचे मूळपुरुष तिकडूनच आले म्हणतात,
होळकरांच्या शिबंदीत, घोड्यांना चंदी घालत.
त्यांची मराठी आम्ही सांभाळली,
जरा गळकी, सांध्यासांध्यातून हिंदी झिरपते.
कोई बात नहीं.
शिवण मात्र माझी पक्की आहे.

आज शेवटचा जोड तपासला.
काटा जागचा हलला नाही.
वहीत लिहिलं : गळती नाही.
आणि त्याखाली, जिथं रकानाच नव्हता, तिथं :
खुर्च्यांच्या पायांना रबर लावून घेणे.