सतरा नंबरची गासडी

डिस्क भरली, असं मशीन सकाळपासून सांगतंय.
मी आधी येर्बाचा कडू चहा ओतून घेते.
जुलै. पायसान्दूत जुलै म्हणजे गोठलेलं दव,
लोकरीच्या गोदामावर पांढरा पडलेला पत्रा,
आणि ऑफिसात एकच हीटर,
तोही फक्त माझ्या डाव्या पायापुरता.

इनबॉक्स: तीन पूर्णांक नऊ जीबी.
चार झाले की फाइल दगा देईल, असं वॉशिंग्टन म्हणतो.
वॉशिंग्टन माझा भाचा. आमच्याकडे पोरांना
लांबच्या शहरांची नावं ठेवतात,
मग पोरं गावात राहत नाहीत.

"अरे, पण आठवडाभर पुसतेच आहे," मी फोनवर ओरडते.
"तपासणीचे रिपोर्ट, बँकेची पत्रकं,
नाताळच्या हलत्या घंटा.
अकरा हजार पत्रं गेली, आकडा तसूभर हलेना."

"मावशी, पुसलेलं जात नाही.
त्याच्यावर नुसती खूण होते.
यादीत दिसेनासं होतं,
फाइलीत जिथल्या तिथे असतं."

हे मला लगेच कळलं.
पाठीवर निळी रेघ ओढलेली मेंढी
खाटकाची गाडी येईपर्यंत कळपातच असते.
गवतही तेवढंच खाते.

"मग गाडी कधी येते?"
"तू बोलावशील तेव्हा. मेनूत बघ, कॉम्पाक्तार.
पण आधी फाइलीची एक प्रत काढून ठेव."

प्रत काढली, पेनड्राइव्हवर.
बोट चुकलं आणि ती साध्या अक्षरांत उघडली.
मला वाटायचं, इनबॉक्स म्हणजे कपाट, कप्पे.
ते तर एकच लांबलचक भेंडोळं निघालं:
एका पत्राच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं,
मध्ये एक रिकामी ओळ,
ठेवलेलं आणि खुणेचं एकमेकांना खेटून.

खाली सरकत गेले. २००९.
ओर्नेल्ला, बिएल्लाची कापडगिरणी.
"सतरा नंबरच्या गासडीत प्लास्टिकची सुतळी निघाली.
चारशे मीटर निळ्या कापडात पांढरे धागे.
तुमच्याकडून हे वाटलं नव्हतं, नेलिदा.
इथे धुकं आहे."

हे मी वाचल्या वाचल्या पुसलं होतं.
आणि कळवलं होतं, आमच्या गोदामात
सुतळी वापरतच नाहीत.

वापरायचो. पट्टे संपले की एउसेबियो
खताच्या पोत्यांची सुतळी उसवून आणायचा.
त्या गासडीवर सतरा हा आकडा
मीच रंगवला होता.

पंधरा वर्षं ते पत्र तिथेच,
दोन केबी, पाठीवर निळी रेघ,
आणि मी रोज सकाळी आठला
त्याच्यावरून ये-जा करत होते.

लोकरीचा प्रेस मला ठाऊक आहे.
तो हवा काढतो, लोकर तोळाभरही कमी होत नाही.
परमुलखात कुणी गासडी कापली
की सगळं फुगून बाहेर येतं,
सुतळीसकट.
हा प्रेस तसला नाही.
हा आवळतो, आणि टाकून देतो.

दाबायच्या आधी ओर्नेल्लाला लिहिलं:
सुतळी आमचीच होती.
खाली सवयीने हवामान:
उणे दोन, वारा दक्षिणेचा.

मग दाबलं.
हिरवी पट्टी सरकत राहिली
थर्मासमधलं पाणी संपेपर्यंत.
एक पूर्णांक दोन.
वॉशिंग्टन तिकडून टाळ्या वाजवतो.

आणि हलक्या झालेल्या इनबॉक्समध्ये पहिलंच पत्र:
हा पत्ता अस्तित्वात नाही.

गिरणी कधी बंद झाली, मला कुणी कळवलं नाही.
किंवा कळवलं असेल,
आणि मी पुसलं असेल.

पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे.
तीन पूर्णांक नऊ.