अठ्ठ्याऐंशी खांब

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
कॅम्पच्या फाटकापासून मोजलं
तर अठ्ठ्याऐंशीवा दिवा मासळीबाजारापाशी येतो.
हे हिरोसेनं मोजलं. आम्ही नाही.
आम्ही दोन वर्षं त्याच रस्त्यानं बसमधून गेलो, झोपेत.

त्याच्या देशात एका बेटावर, म्हणे, अठ्ठ्याऐंशी विहारं.
सगळं बेट पायी फिरायचं, दीड महिना.
तो फिरला होता, बायको गेल्यावर.
आम्हाला सुट्टी शुक्रवारची, तीही कधी अर्धीच.
मग खांब तर खांब.

रात्री दहाला निघायचो, डांबर जरा निवलं की.
हिरोसे, पासांग तामांग,
ड्युटीच्या पांढऱ्या बुटांतली नर्स निलमिनी,
आणि मी, पवनीचा टेंभुर्णे,
ज्यानं लहानपणी स्तूपाच्या टेकडीवर बकऱ्या चारल्या.
पहिल्या खांबाशी त्रिसरण एकत्र म्हणून बघितलं:
मी आणि निलमिनी 'गच्छामि'पाशी भेटलो,
पासांग आपला घशातल्या घशात घुमत राहिला,
हिरोसे नुसता वाकला.

चोविसाव्याला पासांगच्या चपलेचा अंगठा तुटला,
निलमिनीनं बँडेजनं बांधून दिला.
एकेचाळिसावा कायम विझलेला.
तिथं मी आईचं नाव घेतो.

होडी रंगवणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठवर?
अठ्ठ्याऐंशीपर्यंत.
तिथं काय आहे?
खांब.
तो पोट धरून हसला, आणि ओंजळभर खजूर दिला.
वाटेवर दिलेलं नाकारायचं नसतं, हिरोसे म्हणाला,
आणि आधी स्वतःच खाल्ला.

साठाव्यानंतर वादीवरचा पूल.
तिथं तो काठी उचलून काखेत धरायचा.
पुलावर टेकवायची नाही;
त्यांचे एक संत कधीकाळी पुलाखाली झोपले होते.
पासांगनं गंमत म्हणून खाली वाकून बघितलं.
पुठ्ठ्यांवर सहा जण.
ठेकेदार पळालेला, पासपोर्ट त्याच्याकडे.
तेव्हापासून पूल आला की चपला हातात.
आणि पिशवीत रोट्या.

हिरोसेचं काम संपलं, काठी इथंच ठेवून गेला.
पासांगला कंपनीनं दोह्याला हलवलं.
आता आमच्याबरोबर शफिकुल येतो, त्या सहांतला.
नमाज पढून येतो. काठी तोच धरतो.

खांबांवरचे आकडे अरबी.
त्यांचा आठ म्हणजे दोन काठ्या,
वर एकमेकींना टेकलेल्या.
शेवटच्या खांबावर अशा दोन जोड्या.
निलमिनी म्हणते, झोपड्या.
शफिकुल म्हणतो, तंबू, पण आत कोण?
मी काही म्हणत नाही.
परतीचे अठ्ठ्याऐंशी अजून बाकी असतात,
आणि पाचला बस.