कानामागे

क्लायपेदाच्या इस्पितळात
नर्स पट्टी उलगडते, फेऱ्यामागून फेरा.
योकूबास आरसा मागत नाही,
आधी माझ्याकडे बघतो.

शाळेत त्याला शीड म्हणायचे.
बंदराकडून वारा सुटला की
धर रे, धर खांबाला!
कानामागे टाक, मी म्हणायचो.
आता तिथं खरंच काहीतरी आहे:
सात टाके, आयोडीनचा पिवळा डाग.

तान्हा असताना खिडकीशी धरला की
ऊन त्याच्या कानांतून आरपार यायचं,
जर्दाळूच्या रंगाचं.
हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

छान झालंय, मी म्हणतो.
तो हसतो. मग त्याची नजर
माझ्या टोपीपाशी अडते,
तिच्याखालून बाहेर आलेल्या
त्याच्याच जुन्या कानांवर.

फार दुखलं का रे?

तुला? तो विचारतो.