जोडधंदा

बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर,
आणि दारात दोन म्हशी.
पगार घरखर्चाला, म्हशी माझ्या फीला,
असा आमच्या घरचा हिशेब.
डेअरीतनं आई आली की उंबऱ्यातच बाबा विचारायचे,
"दूध किती गेलं?"

आता मी डॉक्टर.
दारात म्हशी नाहीत,
स्कूटरच्या डिकीत ईसीजीचं मशीन आहे,
हप्त्यावरचं.

दिवसा राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
सामानगडकर सरांच्या हाताखाली.
सर चांगले आहेत. पगार विचारू नका.
एकाआड एक रात्र उद्यमनगरात, आयसीयूला.
माझ्या नावामागच्या चार अक्षरांचा
रात्रीचा भाव बाराशे,
चहा त्यांचा, डबा आपला.
तीन वाजता मॉनिटर सोडून सगळे पेंगतात,
तेव्हा मी पीजीचे प्रश्न सोडवते
आणि मध्येच कुणाच्या तरी लेकाला म्हणते,
बसा, मी आहे.
हे वाक्य बिलात नसतं.

मुबीना मुजावर क्लासात बायोलॉजी शिकवते,
तासाला चारशे.
परवा फळ्यावर हृदय काढताना
तिचा खडू मोडला.
आदल्या रात्री चाळीस मिनिटं
एकाच्या छातीवर तिचे तळवे होते.
"फळ्यावरचं बरं असतं बघ," म्हणाली,
"पुसलं तरी परत काढता येतं."

कुस्तीच्या मैदानालाही डॉक्टर लागतो.
चैत्रात कागलच्या बाजूच्या एका जत्रेत गेले,
पंच म्हणाले, "बाई आलाईसा व्हय?"
मग एका पोराचा खांदा निखळला.
तांबड्या मातीत गुडघे टेकून तो बसवला,
तोवर हलगी गप्प होती.
पाकिटात दीड हजार, नारळ आणि फेटा.
फेटा बाबांना दिला,
त्यांनी तो अजून घडीच मोडलेली नाही.

आणि विम्याची तपासणी, केसमागे तीनशे.
सुबराव आडनाईकांचा फोन यायचा,
"मॅडम, शाहूपुरीत पार्टी हाय, गुळाचे व्यापारी.
पन्नास लाखांची पॉलिसी. पाच मिन्टाचं काम."

महालिंग शेटे गादीवर आडवे झाले,
बटणं त्यांनी स्वतःच काढली.
घामाला गुळाचा वास.
कागद सरकला.
मी पट्ट्या काढून पुन्हा लावल्या.
कागद पुन्हा सरकला, पुन्हा तेच:
छातीच्या मधल्या तीन ओळींत
उताणी असायची ती टेकाडं पालथी.

"नॉर्मलच की?" दारातनं सुबराव.
आतनं काकूंनी विचारलं,
"गुळाचा चहा चालतोय न्हवं?"

सुबरावांचे महिन्याला पंचवीस फोन.
पंचवीस गुणिले तीनशे.
गणितात मी कधीच कच्ची नव्हते.

"काका, जिना चढताना काय होतं?"
ते आतल्या दाराकडे बघत पुटपुटले,
"दम लागतोय. हिला कळू देऊ नका."

मी कागदाला कळवलं.
काकांना म्हटलं, आजच्या आज दाखवा, उद्यावर टाकू नका.
काकूंना त्यांचं त्यांनीच सांगितलं,
चहावर साय धरल्यावर.

सुबरावांचा फोन त्यानंतर नाही.
त्या दिवसाचे तीनशेही नाहीत.
शेट्यांचं पुढं काय झालं ठाऊक नाही.
त्या गल्लीतनं जाते कधीमधी,
शटर कधी वर असतं, कधी खाली.
थांबून विचारायचा धीर
अजून कुठल्या ड्युटीत मिळालेला नाही.

रविवारी बाबांचा फोन,
तोच प्रश्न, गमतीतला,
पण अगदीच गमतीतला नव्हे:
"काय गं, ह्या आठवड्यात दूध किती गेलं?"

"कमी गेलं, बाबा.
पाणी घातलं नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग घसा खाकरून,
"त्या मशीनचा हप्ता
किती तारखेला असतोय?"